वरच्या घरातून गळतंय? शेजार न तोडता गळती शोधायची आणि थांबवायची कशी

आमची सोसायटी डोंबिवलीत. तळमजला अधिक तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो त्याला दोन महिने झाले असतील, तेवढ्यात पॅसेजच्या छतावर बशीएवढा पिवळसर डाग दिसला. गणपतीपर्यंत तो परातीएवढा झाला आणि मधोमध थेंब धरू लागला. डाग वरच्यांच्या बाथरूमच्या भिंतीला लागून होता, म्हणून मी सरळ म्हटलं, बाथरूमच गळतंय. वरच्या काका-काकूंनी माझ्या सांगण्यावरून दोनदा टाइल्सचे सांधे भरून घेतले, पैसे खर्च केले, आणि थेंब मात्र चालूच राहिला. गळती बाथरूमची नव्हतीच. हे कळायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत जिन्यात भेटल्यावर एकमेकींकडे न बघण्यापर्यंत आमची मजल गेली होती.

तुम्ही पहिल्यांदाच फ्लॅटमध्ये राहायला आला असाल तर आज ना उद्या गळतीशी गाठ पडणार. वरून तुमच्याकडे येईल किंवा तुमच्याकडून खाली जाईल. मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला पहिल्या दिवशी कळावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मुख्य गोष्ट एकच: पाणी कुठून येतंय हे दोन्ही घरांनी एकत्र उभं राहून बघेपर्यंत पैशाचा विषय काढू नका.

हाताशी काय लागेल

- एक वही आणि पेन. मोबाइलमधल्या नोंदी चालतात, पण वही दोन्ही घरांत फिरवता येते
- मिलीलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं
- मोबाइल, तारखेसह फोटो काढायला
- नीळ, एक छोटी बाटली
- नहाणी ट्रॅपला (जमिनीवरचं पाणी जिथून जातं ती जाळी आणि तिच्याखालचं भांडं) बोळा घालायला जुनं फडकं आणि प्लास्टिकची पिशवी
- सोसायटीच्या उपविधींची, म्हणजे तिच्या लेखी नियमांची, प्रत. सेक्रेटरींकडे मागा, सभासदाला ती मिळते
- सोसायटीला दिलेल्या प्रत्येक पत्राची पोच आणि प्लंबर, गवंड्याच्या सगळ्या पावत्या

१. आधी वीज आणि डोक्यावरचा गिलावा

डाग पंख्याच्या हुकाजवळ किंवा दिव्याच्या पॉइंटजवळ असेल तर त्या खोलीचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) पाडा आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत चढवू नका. स्लॅबमधून वायरींचे पाइप गेलेले असतात. पाणी त्या पाइपातून वाट काढत भलत्याच खोलीत, नेमकं पंख्याच्या वाटीतून टपकतं.

मग लांब काठीने डागाभोवतीचा गिलावा हलकेच ठोकून बघा. घट्ट गिलाव्याचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा बद्द येतो. बद्द आवाज आला, फुगवटा दिसला किंवा गंजाचे तांबूस ओघळ दिसले तर त्याखाली पलंग, पाळणा, जेवणाचं टेबल ठेवू नका. आतली सळई गंजली की फुगते आणि गिलावा ढकलून देते. तो पडतो तेव्हा सांगून पडत नाही. सुटलेला भाग गवंड्याकडून लगेच उतरवून घ्या, गळती सापडायची वाट बघू नका.

पीओपीचं खोटं छत असेल तर पाणी त्यावर साठून राहतं आणि खाली बराच काळ काही कळत नाही. मध्येच फुगा आलेला दिसला तर वीज बंद करून, खाली बादली ठेवून, स्क्रू-ड्रायव्हरने एक भोक पाडा. सगळं छत खाली येण्यापेक्षा ते बरं.

२. आठ दिवस वही ठेवा

ही पायरी मी गाळली होती, आणि नेमकं इथेच उत्तर होतं.

टपकणाऱ्या जागेखाली मापाचं भांडं ठेवा. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, रात्री दहा अशा ठरावीक वेळी किती पाणी जमलं ते लिहा. बाहेर पाऊस होता का, तेही लिहा. आठ दिवसांत पाणी आपली जात सांगतं.

दिवसरात्र सारखंच टपकत असेल तर संशय पाणी आणणाऱ्या पाइपावर. गच्चीवरच्या टाकीमुळे त्या पाइपात नळ बंद असला तरी दाब असतो, त्यामुळे चीर गेली की ती थांबत नाही. ठरावीक वेळी सुरू होऊन काही तासांनी मंदावत असेल तर सांडपाण्याची बाजू: नहाणी ट्रॅप, कमोडचा सांधा, सिंकचा पाइप, टाइल्सखालचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर). पावसानंतर काही तासांनी सुरू होऊन पाऊस उघडल्यावर दिवस-दोन दिवसांत थांबत असेल तर वरच्यांचा काही संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. बाहेरच्या भिंतीची चीर, खिडकीवरचा छज्जा, पाइपाच्या खोबणीत उगवलेलं पिंपळाचं रोप बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची.

पाण्याचा वास आणि रंगही लिहा. साबणाचा फेस, तेलकट तवंग, घाण वास यांतून बरंच कळतं. पण डागाच्या जागेवरून कधीही निष्कर्ष काढू नका. पाणी स्लॅबवर उताराच्या दिशेने सरकतं आणि जिथे भेग सापडेल तिथे उतरतं. गळती एका कोपऱ्यात आणि थेंब दुसऱ्या खोलीत, हे नेहमीचं आहे.

शेवटी मी वही ठेवली तेव्हा दिसलं की सोमवारी आणि गुरुवारी अकराच्या मापात एकदम भर पडते आणि बाकीचे दिवस भांडं जवळजवळ कोरडं. मी वही घेऊन वर गेले. काकूंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, सोमवार-गुरुवार मी मशीन लावते." वॉशिंग मशीन होतं ड्राय बाल्कनीत, बाथरूमच्या पलीकडे.

३. वर जा, स्वतः

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छताचा फोटो टाकू नका. बारा घरांसमोर आपलं घर गळतं असं वाचलेला माणूस आधी स्वतःचा बचाव करतो, गळती नंतर बघतो. संध्याकाळी, त्यांच्या जेवणाच्या वेळा टाळून, दार वाजवा. दोघं नवरा-बायको गेलात तर बरं. तावातावाने बोलणारा दीर किंवा भाऊ बरोबर नेऊ नका.

वाक्य निवडून बोला. "तुमचं बाथरूम गळतंय" असं नको. "आमच्या छतावर ओल आली आहे, कुठून येते ते कळत नाहीये, तुम्ही खाली येऊन एकदा बघाल का?" असं म्हणा. खाली बोलावणं फार महत्त्वाचं. वरच्यांना स्वतःच्या घरात काहीच दिसत नसतं, त्यांच्या टाइल्स कोरड्या ठणठणीत असतात. त्यामुळे आपण वाढवून सांगतोय असंच त्यांना वाटतं. तुमच्या भांड्यात पडणारा थेंब त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की बोलणं बदलतं. वरची माणसं वयस्क असतील आणि जिना उतरणं त्यांना जड असेल, तर व्हिडिओ दाखवा आणि त्यांच्या मुलाला किंवा मुलीला बोलावून घ्या.

वर भाडेकरू असतील तर त्यांच्यावर खर्चाचा विषय टाकू नका. त्यांच्याकडून फक्त चाचणीला वेळ मागा. मालकांचा पत्ता आणि नंबर सेक्रेटरींकडे असतो, मालकांना पत्र सोसायटीमार्फत जाऊ दे.

४. चाचण्या: एका वेळी एकच

दोन्ही घरांनी मिळून एकच प्लंबर ठरवा आणि त्याची बघण्याची फी अर्धी-अर्धी द्या. तुमचा प्लंबर वरच्यांवर ढकलणार आणि त्यांचा तुमच्यावर, असं झालं की पुढे कुणाचंच कुणी ऐकत नाही.

पहिली चाचणी फुकटची. रात्री झोपण्यापूर्वी गच्चीवरचा त्या घराच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा (वरच्यांना आधी सांगून, बादल्या भरून ठेवायला लावून) आणि सकाळपर्यंत माप घ्या. टपकणं स्पष्ट कमी झालं तर दोष पाणी आणणाऱ्या पाइपात. मग प्लंबरला पंप लावून दाबाची चाचणी करायला सांगा. लाइनमध्ये दाब भरायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. कुठेही फोडायच्या आधी ही चाचणी करता येते.

माप बदललं नाही तर सांडपाण्याकडे वळा. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवा आणि जमिनीवर दोन इंच पाणी साठवून चोवीस तास ठेवा. चार फूट बाय सहा फूट बाथरूमला साधारण शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. गिलावा सुटलेला असेल किंवा स्लॅबची सळई उघडी पडली असेल तर ही चाचणी करू नका, आधी इंजिनिअरला दाखवा. पाणी साठवल्यावर खाली टपकणं वाढलं तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. वाढलं नाही तर बोळा काढून सगळं पाणी एकदम जाऊ द्या. आता वाढलं तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या पाइपात.

याच पद्धतीने कमोड, मग सिंक, मग वॉशिंग मशीनची जागा, एकेक करून तपासा. दोन चाचण्यांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. सगळं एकाच दिवशी केलं तर कशामुळे टपकलं ते कळणार नाही. ट्रॅपमध्ये थोडी नीळ ओतून बघता येते. खाली निळसर थेंब आला तर प्रश्नच मिटला. पण निळं आलं नाही म्हणून ते ठिकाण निर्दोष धरू नका. कोब्यातल्या विटांच्या तुकड्यांतून रंग उतरायला कधीकधी बरेच दिवस लागतात.

आमच्याकडे ड्राय बाल्कनीत पाहिलं तेव्हा मशीनचा पाइप नुसता नहाणी ट्रॅपच्या जाळीवर टेकवलेला होता. मशीन पाणी सोडायचं तेव्हा अर्धं पाणी जाळीतून जायचं आणि अर्धं बाहेर उसळायचं. ट्रॅपच्या कडेचं सिमेंट बोटाने निघत होतं. ही बाल्कनी बांधली तेव्हा तिथे इतकं पाणी पडेल असं कुणी धरलंच नव्हतं. टाइल्सखाली वॉटरप्रूफिंग नव्हतं, नुसता मसाला. पाणी टाइल्सखालून बाथरूमच्या भिंतीपर्यंत येऊन आमच्या पॅसेजमध्ये उतरत होतं. जुन्या इमारतींत बंद केलेली बाल्कनी आणि तिथे ठेवलेलं मशीन, हे संशयाच्या यादीत वरच ठेवा.

५. खर्च कोणाचा

सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत कोणती दुरुस्ती सोसायटीची आणि कोणती सभासदाची याची यादी आहे. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या प्रतीत ती शोधून वाचा. थोडक्यात सांगायचं तर बाहेरचे सामाईक पाणी आणि सांडपाण्याचे पाइप, पावसाची गळती, गच्ची आणि गच्चीमुळे खराब झालेला सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या छताचा गिलावा, हे सोसायटीचं काम. घराच्या आतली दुरुस्ती त्या सभासदाची.

म्हणजे वरच्यांचा ट्रॅप, त्यांच्या टाइल्स, त्यांचं वॉटरप्रूफिंग, हा खर्च त्यांचा. खालच्या घराचं छत आणि रंग यावरून मात्र खूप वाद होतात. माझं मत सांगते: वरच्यांनी सहकार्य केलं असेल, आठवडाभर धूळ आणि गैरसोय सोसली असेल, तर रंगाचा खर्च आपण करावा. महिनोन्‌महिने कळवूनही त्यांनी दुर्लक्ष केलं आणि गिलावा पडला, तर तो त्यांनी भरून द्यावा. जे ठरेल ते चार ओळींत लिहून दोघांनी सह्या करा. संबंध चांगले असतात तेव्हाच हे लिहून घ्यायचं.

६. सोसायटीला पत्र द्याच

वरच्यांशी सगळं गोडीत ठरलं तरी सेक्रेटरींना एक साधं पत्र द्या. सभासदांना आधी कळवून फ्लॅटची पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी सेक्रेटरींना दिला आहे. शिवाय पुढे घर विकलं गेलं किंवा कमिटी बदलली तर लेखी नोंद राहते. नमुना असा:

"मा. सेक्रेटरी, स.न.वि.वि. आमच्या फ्लॅट क्र. … च्या पॅसेजच्या छतातून दि. … पासून पाणी टपकत आहे. फोटो आणि आठ दिवसांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. आपण दोन्ही फ्लॅटची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची पाहणी करून कारण लेखी कळवावे, ही विनंती."

पत्रात शेजाऱ्यांवर आरोप नको. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. इमारत जुनी असेल तर त्याच वेळी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची इंजिनिअरकडून तपासणी) कधी झालं ते विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं.

७. काम करून घेताना

गळती जमिनीची निघाली तर टाइल्स काढण्याला पर्याय नाही. "न फोडता वरून केमिकल मारतो, दहा वर्षं गॅरंटी" असं सांगणारे भेटतील. सांध्यांतून मुरणारं थोडं पाणी त्याने थांबू शकतं, पण ट्रॅप हललेला असेल किंवा पाइप फुटलेला असेल तर उपयोग नाही. खालून, तुमच्या छताला वॉटरप्रूफ रंग लावायचा सल्ला तर ऐकूच नका. पाणी आत अडकतं आणि सळई गंजत राहते.

कामाचा क्रम गवंड्याशी आधी बोलून घ्या. टाइल्स आणि जुना कोबा काढायचा, ट्रॅप आणि पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंगचे थर भिंतीवरही फूटभर वर चढवायचे, मग टाइल्स बसवायच्या आधी पुन्हा पाणी साठवून चाचणी. ही मधली चाचणी घाईत गाळली जाते. त्या दिवशी दोन्ही घरांतलं कुणीतरी घरी थांबा. टाइल्स बसल्यावर दोष निघाला तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. उतार ट्रॅपकडेच आहे ना, ते टाइल्स बसण्यापूर्वी पाणी ओतून बघा.

बाथरूमचं काम निघालं तर ते बरेच दिवस बंद राहतं. वरच्यांकडे दुसरं बाथरूम नसेल तर तुमचं द्या, त्यांनी विचारायची वाट बघू नका. आमच्याकडे बाल्कनीला लागून बाथरूमची कडही उघडावी लागली. आठ दिवस काकू रोज सकाळी साडेसहाला टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन खाली यायच्या. मी गीझर आधीच लावून ठेवायचे. तिसऱ्या दिवसापासून अंघोळ झाल्यावर चहा आमच्याकडेच. सात महिन्यांचं अवघडलेपण त्या आठ दिवसांत गेलं.

८. काम झालं तरी थेंब लगेच थांबत नाही

इथे बरीच माणसं पुन्हा भांडतात. जुन्या बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. त्यात मुरलेलं पाणी दुरुस्तीनंतरही आठ-पंधरा दिवस झिरपत राहतं. म्हणून वही बंद करू नका. माप रोज कमी होत गेलं तर काम झालंय. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर गवंड्याला बोलवा आणि त्याचे थोडे पैसे तोपर्यंत बाकी ठेवा. हे त्याला सुरुवातीलाच सांगितलेलं असावं.

९. वरचे दारच उघडत नसतील तर

आधी कमिटीला लेखी स्मरणपत्र, पोच घेऊन. कमिटीने काहीच केलं नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. सभासदांमधला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीत वॉर्ड ऑफिसात तक्रार केल्यावर मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३८१ खाली गळती थांबवण्याची नोटीस निघू शकते. इतर शहरांत आपापल्या महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारा. या सगळ्याला वेळ लागतो आणि तोवर स्लॅब भिजत राहतो. त्यामुळे एखाद्या ज्येष्ठ सभासदाला मध्ये घालून बोलणं होत असेल तर ते आधी करून बघा. वकिलाची नोटीस ही पहिली पायरी करू नका.

१०. रंग सगळ्यात शेवटी

डाग सुकला की लगेच पुट्टी-रंगाची घाई होते. स्लॅब आतून ओला असतो, महिन्याभरात पोपडे धरतात. निदान महिना-दीड महिना कोरडा जाऊ द्या. पावसाळ्यात काम झालं असेल तर दिवाळीनंतरच रंग लावा. गंजलेली सळई दिसत असेल तर आधी ती घासून, गंजरोधक लावून, मग गिलावा.

आता दर मे महिन्यात काका आणि माझा नवरा गच्चीवर जाऊन पावसाच्या पाइपाच्या जाळ्या साफ करतात, आणि आम्ही दोघी आपापल्या घरातले ट्रॅप आणि टाइल्सचे सांधे बघतो. उरलेल्या नऊ टाइल्सचं खोकं काकूंच्या माळ्यावर आहे. तुमच्याही गवंड्याला आठ-दहा टाइल्स जास्त आणायला सांगा. काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.